वाळवंटातील राण्या आणि असिरियाचे साम्राज्य

अरबस्तानातील प्राचीन राणी म्हटले की शेबाची राणी किंवा पाल्मिराची झेनोबिया आठवते. शेबाच्या राणीची कथा धर्मग्रंथांतून आली, तर झेनोबिया इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील. मात्र झेनोबियाच्याही सुमारे हजार वर्षे आधी उत्तर अरबस्तान आणि सीरियाच्या वाळवंटातील अरब टोळ्यांवर राण्यांची सत्ता होती. आजच्या उत्तर इराकमधील असिरियाच्या सम्राटांनी कोरविलेल्या लेखांत साधारण साठ वर्षांच्या अवधीत अशा पाच राण्यांची नावे आढळतात.

त्यातील पहिली झबिबे. इ. स. पूर्व ७३८ च्या सुमारास तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरला खंडणी देणाऱ्यांच्या यादीत तिचा उल्लेख ‘अरबांची राणी’ असा आहे. तिच्यानंतरच्या सम्सीने मात्र निष्ठेची शपथ मोडली आणि इ. स. पूर्व ७३३ मध्ये असिरियाचे सैन्य तिच्यावर चालून गेले. तीस हजार उंट, वीस हजार गुरे आणि सुगंधी द्रव्यांच्या पाच हजार थैल्या हाती लागल्याचे सम्राटाने नोंदविले. हे आकडे विजेत्याचे असल्याने त्यांत अतिशयोक्ती असणारच. पण लुटीत कशाला मोल होते, हे त्यांवरून स्पष्ट होते.

बंडखोरांना हालहाल करून मारण्याबद्दल असिरियाचे राजे कुप्रसिद्ध होते. सम्सीचे सिंहासन मात्र शाबूत राहिले. तिच्यावर देखरेखीसाठी केवळ एक अधिकारी नेमण्यात आला. पुढे इ. स. पूर्व ७१५ च्या सुमारास दुसऱ्या सार्गनला नजराणे पाठविणाऱ्यांत इजिप्तचा फेरो आणि दक्षिणेकडील सबाचा राजा यांच्या जोडीने तिचेच नाव येते.

या उदारपणामागे व्यवहार होता. दक्षिण अरबस्तानातील धूप आणि सुगंधी राळ उंटांच्या तांड्यांवरून गाझा व दमास्कसकडे जात असे. वाटेवरील विहिरी, चराऊ राने आणि उंट या टोळ्यांच्या ताब्यात होते. रथ आणि पायदळाच्या बळावर शहरे जिंकता येत. वाळवंटात ठाण मांडून बसणे शक्य नव्हते. राणीला मारले असते तर टोळ्या विखुरल्या असत्या आणि व्यापाराची वाटही बंद झाली असती.

त्यानंतरच्या राण्यांनीही साम्राज्याच्या शत्रूंना साथ दिली. इ. स. पूर्व ७०३ मध्ये यातिए राणीने बॅबिलोनच्या बंडाला मदत म्हणून आपल्या भावाला धाडले. तो सेनाखरिबच्या हाती कैद झाला. पुढे इ. स. पूर्व ६९० च्या सुमारास तेएल्हुनू राणीचा पाठलाग करीत असिरियन फौज अदुम्मातू, म्हणजे आजच्या सौदी अरेबियातील दूमत अल-जंदल येथवर पोहोचली. तेथील देवमूर्ती निनवे राजधानीत नेण्यात आल्या. देवच ओलीस ठेवले की टोळ्या नमतात, हा त्यामागचा हिशेब.

सेनाखरिबचा पुत्र एसरहद्दोन याने तो हिशेब पूर्ण केला. त्याने मूर्ती दुरुस्त करून परत पाठविल्या, पण त्यांवर असुर देवाचे सामर्थ्य आणि स्वतःचे नाव कोरून! सोबत राणी म्हणून ताबुआला पाठविले. ती वाढली होती निनवेच्या राजवाड्यात. खंडणीत ६५ उंट आणि १० गाढवांची भर पडली. इ. स. पूर्व ६७१ मध्ये इजिप्तवर स्वारी करताना त्याच्या सैन्याने सिनाईचे वाळवंट ओलांडले, ते अरब राजांनी पुरविलेल्या उंटांवर पाण्याच्या पखाली लादून.

या राण्यांनी स्वतः लिहिलेला एकही शब्द आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. त्यांचा इतिहास वाचावा लागतो तो त्यांना हरविल्याचा दावा करणाऱ्यांच्याच लेखांतून. तरीही एक गोष्ट या लेखांना लपविता आलेली नाही. ज्यांना जिंकल्याची ग्वाही सम्राटांनी वारंवार दिली, त्यांच्यावाचून त्यांचे वाळवंटात पाऊलही पडत नव्हते.