जानपद गीतातील कारभारीण आणि आमच्या आया

आपल्या जिल्ह्यातील कामरगावचे कवी ग. ल. ठोकळ यांनी १९३४ साली ‘सुगी’ हा जानपद गीतांचा संग्रह संपादित केला. त्या काळातील जानपद गीतांनी, आणि पुढे चित्रपटांनी व दिनदर्शिकांवरील चित्रांनी, एक खेडे मराठी मनात पक्के केले. धनी औत हाकतो आहे, कारभारीण डोईवर न्याहारीची पाटी घेऊन बांधावरून येते आहे. ठोकळांना दारिद्र्य ठाऊक नव्हते असे नव्हे. ‘मीठभाकर’ हे त्यांच्या संग्रहाचे नावच पुरेसे बोलके आहे. आमचा आक्षेप कवीवर नाही, त्या चौकटीवर आहे.

या चौकटीत पुरुष कष्टतो आणि स्त्री त्याच्यासाठी येते. खुरपणी, कापणी, मळणी ही तिची कामे केवळ शोभेच्या हालचाली उरतात. तिला मजुरी नसते, सातबाऱ्यावर नाव नसते. शिवाय जमीन त्या दोघांचीच आहे, हे चित्राने गृहीतच धरलेले असते. ज्यांना बांधच नव्हता, त्या महारवाड्यातील जोडप्याने कोणत्या झाडाखाली न्याहारी करावी?

फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने ‘सुगी’च्या सुमारे ऐंशी वर्षे आधी, १८५५ मध्ये, याचे उत्तर देऊन ठेवले होते. मांग-महारांच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, असे तिने लिहिले. तो निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला, आणि हे पत्र १८४२ साली आपल्या नगरातच सुरू झाले होते! जिल्ह्याच्या वाङ्मयीन अभिमानात या योगायोगाची नोंद क्वचितच होते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याला राज्यघटनेचा पाया मानण्यास नकार दिला. अनेकांना ते शब्द कठोर वाटले. ज्यांनी वेशीबाहेरून गाव पाहिले, त्यांना ते नेमके वाटले. अकोले तालुक्यातील धामणगावच्या दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, तेव्हा त्यातील बाया न्याहारी घेऊन निघालेल्या नव्हत्या. मुंबईच्या रस्त्यांवर चिंध्या, कागद आणि काचा वेचत होत्या.

पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणारे जोडपे आजही ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. उचल बहुधा नवऱ्याच्या नावे असते. मजुरी दोघांची मिळून, टनावर ठरते. मोळी बांधून ती डोक्यावरून गाडीपर्यंत नेणाऱ्या बाईचा वेगळा हिशेब त्यात नसतो. आपल्या वसतिगृहातील काही मुलींच्या आया दिवाळीच्या सुमारास याच कामासाठी घर सोडतात.