कच्चा लिंबू, चिमणीचे दात आणि खिरापत : बालभाषेतील औदार्याचे तीन शब्द

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकव्यवहारात 'घाटावर' आणि 'घाटाखाली' या नावांनी ओळखले जातात. चिखली, मेहकर, लोणार हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे पूर्णेच्या खोऱ्यात, घाटाखाली. दोहोंच्या बोलीत अंतर आहे. खाली वऱ्हाडीची छाप अधिक गडद, तर वर देऊळगाव राजाकडे मराठवाड्याचा शेजार जाणवतो. ग्रिअर्सनने भारतीय भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीची दखल घेतली. त्याच्या सर्वेक्षणाचा ठरीव नमुना म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राच्या दाखल्याचे बोलीरूप. म्हणजे एका पित्याच्या औदार्याची आणि त्यावर रुसलेल्या थोरल्या भावाची कथा. प्रौढांचे औदार्य असे बहुधा तक्रारीस जागा ठेवूनच येते! असो. मुलांच्या खेळातील भाषा मात्र अशा सर्वेक्षणांच्या कक्षेत सहसा येत नाही. इंग्लंडात आयोना व पीटर ओपी या दांपत्याने शाळकरी मुलांच्या लोकभाषेवरील आपला ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध केला. खेळ क्षणभर थांबवून अभय मागण्याचे शब्द तेथे प्रांतोप्रांती कसे बदलतात हे त्यांनी दाखविले. त्याच दृष्टीने आपल्याकडील तीन शब्दप्रयोगांचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला 'कच्चा लिंबू'. खेळ सुरू होण्यापूर्वी एखादे लहान, अशक्त वा नवखे मूल पुढे येते. थोरली मुले म्हणतात, "हा कच्चा लिंबू." एवढ्याने काम होते. ते मूल इतरांबरोबर धावते, लपते, ओरडते. परंतु सापडले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. ऑस्टिनने १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत (ती १९६२ साली ग्रंथरूपाने आली) ज्या उक्तींना कृतिरूप मानले, त्यांचे याहून स्वच्छ उदाहरण मराठीत शोधावे लागेल. येथे उच्चार हीच कृती आहे. तीस पुरावा लागत नाही, अर्ज लागत नाही, आणि ज्याला सवलत मिळाली त्याने आभार मानावे अशी अपेक्षाही नसते. (कोशात 'लिंबू' सामान्यतः नपुंसकलिंगी; पुष्कळ मुले मात्र 'कच्चा' असेच म्हणतात, आणि मुलीलाही तेच म्हणतात. व्याकरणाने येथे मुकाट्याने बाजूस उभे राहावे हे बरे.) बंगालीत अशाच खेळगड्यास 'दूधभात' म्हणतात, तेव्हा ही सोय केवळ मराठी मुलांची नव्हे.

या शब्दात बोच नाही असे नव्हे. काही मुलांस तो झोंबतो, आणि पुढे एके दिवशी ते मूल स्वतःच सांगते की मी आता कच्चा लिंबू नाही. तेव्हा त्याच्यावर राज्य येते. सवलत कधी संपवावयाची हे ज्याला ती मिळाली त्यालाच बव्हंशी ठरविता येते, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते.

दुसरा प्रयोग 'चिमणीच्या दातांनी' तोडण्याचा. गोळी किंवा कैरीची फोड एकच असते आणि वाटेकरी दोन. सदऱ्याचे किंवा झग्याचे टोक तीवर गुंडाळून वरून चावावयाचे. तुकडा पडतो आणि तोंड लागत नाही, म्हणून तो उष्टा ठरत नाही. प्रौढांच्या जगात उष्ट्याला दिशा असते. ते वरून खाली जाते: नवऱ्याच्या ताटातून बायकोच्या, मालकाच्या घरून गड्याच्या. खालून वर ते जात नाही. उष्ट्याचा नियम मुलांनी झुगारला नाही. पण तो पाळूनच त्यांनी असा मार्ग काढला की वाटणी बरोबरीच्यांत व्हावी. ज्या घरचे पाणीही घेऊ नये असे मुलास बजावलेले असे, त्या घरच्या मुलाशी असलेल्या दोस्तीत हे कापडाचे टोक किती उपयोगी पडले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तिसरा शब्द 'खिरापत'. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भात मुली भुलाबाई मांडतात. खानदेशात तीच गुलाबाई. संध्याकाळी घरोघर फिरून टिपऱ्यांच्या तालावर गाणी होतात आणि शेवटी खिरापत. झाकलेला डबा हालवून आत काय आहे ते ओळखावयाचे असते. ओळखता येऊ नये यात यजमान मुलीची प्रतिष्ठा. पण ओळखणारीस अधिक आणि चुकणारीस कमी असा हिशेब नसतो. कडेवरच्या भावंडाच्या मुठीतही वाटा पडतो.

मुले उपजत उदार असतात, असा निष्कर्ष यावरून काढू नये. वार्नेकेन व टोमासेलो यांनी २००६ साली दाखविले की अठरा महिन्यांची मुले बक्षिसावाचून अनोळखी माणसास मदत करतात; २००८ च्या त्यांच्या प्रयोगात बक्षीस देऊ लागताच ती वृत्ती क्षीण झाली. उलट ब्लेक व सहकाऱ्यांनी २०१५ साली सात देशांतील मुलांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आपल्याला कमी मिळते तेव्हा वाटणी नाकारणारी मुले सर्वत्र आढळली. आपल्याला अधिक मिळते म्हणून नाकारण्याची प्रवृत्ती मात्र अमेरिका, कॅनडा व युगांडा या तीनच देशांतील मोठ्या मुलांत दिसली. भारतातील मुलांत ती दिसली नाही. मला हा निष्कर्ष निराशेचा वाटत नाही. एकट्याने निवड करताना जे साधत नाही, ते खेळाच्या रूढीत सहज साधते. कारण तेथे औदार्यास शब्द तयार असतो आणि तो सर्वांस मान्य असतो.

प्रौढांनी या शब्दांचे काय केले ते पाहावे. 'खिरापत' वृत्तपत्रांत पदांची आणि आश्वासनांची होते. 'कच्चा लिंबू' आणि त्याचा जोडीदार 'लिंबूटिंबू' हे दुबळ्या संघास हिणविण्यासाठी येतात. 'कच्चा' हा शब्द तर मैदानावर मुलास आत घेतो आणि वर्गात मागच्या बाकावर बसवितो. अर्थापकर्ष म्हणून ही उदाहरणे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो; तो अपकर्ष घडवून आणणारे वक्ते आपणच, हे सांगत नाही.

मीही सांगितले नव्हते. काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावाहून आलेली विद्यार्थिनी चर्चासत्रात बोलताना 'मले', 'तुले' म्हणून गेली. मी तिला सर्वांसमक्ष 'मला', 'तुला' असे दुरुस्त केले. वर्ग हसला आणि ती उरलेले सत्रभर बोलली नाही. त्याच आठवड्यात मी त्या वर्गास वऱ्हाडीतील '-ले' प्रत्यय शिकविणार होतो! पुढील तासास मी फळ्यावर तो प्रत्यय लिहिला, झाल्या गोष्टीबद्दल तिची क्षमा मागितली आणि उदाहरणे तिलाच विचारली. तिने अकरा वाक्ये दिली. बाराव्या वाक्याच्या वेळी घाटावरच्या एका विद्यार्थ्याने आपल्या गावी निराळे बोलतात अशी हरकत घेतली, आणि तास संपला तरी दोघांचा वाद चालूच होता.