दम आणि वेग

पोलीस भरतीची चाहूल लागली की नरखेड तालुक्यातील रस्त्यांवर भल्या पहाटे धावणाऱ्यांची पावले वाजू लागतात. त्यांत आमचे माजी विद्यार्थी व विद्यार्थिनीही असतात. शाळेत भेटीस आले की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : रोज तासभर संथ गतीने धावावे, की थोडाच वेळ, पण जीव तोडून धावावे?

संथ धावण्यात स्नायूंना लागणारी ऊर्जा मुख्यतः प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होते. नित्य सरावाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. यालाच आपण दम वाढणे म्हणतो. जोरदार धावेत प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडतो. पहिले काही सेकंद स्नायूंतील तयार साठा कामी येतो. पुढे साखरेचे प्राणवायूविना विघटन होऊ लागते, धाप लागते व पाय जड होतात.

१९९६ साली जपानमधील इझुमी तबाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी तंदुरुस्त तरुणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाने आठवड्यातून ५ दिवस, रोज ६० मिनिटे मध्यम जोराने व्यायामाची सायकल चालविली. दुसऱ्याने ४ दिवस २० सेकंद अतितीव्र श्रम व १० सेकंद विश्रांती अशी ७-८ आवर्तने केली. पाचव्या दिवशी मुख्यतः मध्यम व्यायाम केला. ६ आठवड्यांनी दम दोन्ही गटांचा वाढला. प्राणवायूविना जोर लावण्याची क्षमता मात्र दुसऱ्याच गटाची वाढली.

भरतीत मुलांना १६०० व १०० मीटर, तर मुलींना ८०० व १०० मीटर धावावे लागते. लांब धाव दमाची, छोटी वेगाची. म्हणून बहुतेक दिवस बोलता येईल इतक्या संथ गतीने धावावे आणि आठवड्यातून एक-दोन दिवसच वेगाचा सराव करावा, असे आम्ही सुचवितो.

मात्र त्याआधी एक गोष्ट आवश्यक आहे. विदर्भात व आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या वाहकास एरवी त्रास जाणवत नाही; पुष्कळदा त्याला ते ठाऊकही नसते. परंतु उन्हात, पुरेसे पाणी न पिता, विश्रांतीविना जोरदार धावा घेतल्यास त्याच्या तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडवू शकतात. असे क्वचितच घडते. पण घडले तर जिवावर बेतू शकते. वाहकाने धावणे सोडण्याचे कारण नाही. त्याने वेग क्रमाक्रमाने वाढवावा, दोन धावांमध्ये पुरती विश्रांती घ्यावी आणि पाय वा कंबर दुखू लागल्यास किंवा अशक्तपणा वाटल्यास तत्क्षणी थांबावे. प्रत्यक्ष आजार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना तीव्र व्यायाम करू नये.

चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ झालेल्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेचा दृष्टांत दिला होता : तार फार ताणली किंवा फार सैल सोडली, तर सूर लागत नाही. आपली तार किती ताणावी, हे ज्याचे त्याने ओळखावयाचे असते. पालकांना आमची एवढीच विनंती : मुलाला धावण्याचे बूट घेऊन देण्याआधी सरकारी रुग्णालयात त्याची सिकलसेलची तपासणी करून घ्यावी.