राउटरचे वाइंडिंग का होत नाही?

चिखली-मेहकरकडे विहिरीवरची मोटार जळाली, तर शेतकरी लगेच नवी आणत नाही. ती वाइंडिंगवाल्याकडे जाते, तांब्याची तार नव्याने भरली जाते, बेअरिंग बदलते आणि जुनेच लोखंडी कवच आणखी काही वर्षे पाणी उपसते. शाळेतला वाय-फाय राउटर बंद पडला की मात्र तो कपाटावर जातो आणि नवा येतो. असे का व्हावे?

राउटरचे सर्व भाग एकदम म्हातारे होत नाहीत. बऱ्याचदा आधी जातो तो अडॅप्टर. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने आटतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. मलकापूर-शेगावचा मे महिना आणि वर पत्र्याचे छप्पर, मग हिशेब तुम्हीच करा! कपाटावरच्या राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असेल, तर त्याला मोटारसायकलचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा दिवा जोडून मल्टिमीटरने दाब मोजा. दिवा नसताना १२ आणि दिवा लावताच ८-९ व्होल्ट दिसले, तर दोष अडॅप्टरचा. तितक्याच व्होल्टचा, तितका प्रवाह देणारा आणि पिनची ध्रुवता तीच असलेला दुसरा लावावा. अडॅप्टर स्वतः मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

रेडिओचा भाग सहसा झिजत नाही, तो जुना ठरतो. वाय-फायचे ‘एन’ मानक २००९ मध्ये आले, ‘एसी’ २०१३ मध्ये, ‘एएक्स’ २०२१ मध्ये. मग तेवढाच भाग का बदलू नये? २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी १२.५ सेंटिमीटर असते. इतक्या वारंवारतेला तारेची लांबी, वळण, सांधा, सारेच महत्त्वाचे ठरते. प्रत्येक जोडणीत थोडा संदेश वाया जातो आणि खर्च वाढतो. म्हणून स्वस्त राउटरमध्ये सर्व काही एकाच पट्टीवर डाख देऊन पक्के केलेले असते. परंतु हे अशक्य नाही. कित्येक लॅपटॉपमध्ये वाय-फायचे कार्ड वेगळेच असते. चेक प्रजासत्ताकातील सीझेड.निक या संस्थेच्या २०१६ च्या ‘टुरिस ओम्निया’ राउटरमध्ये रेडिओची कार्डे खाचेत बसवलेली आहेत. पुढे त्यासाठी ‘एएक्स’चे कार्डही मिळू लागले. अडचण मुख्यतः किमतीची आहे, आणि ती लहान नाही.

नुसती खाच असूनही भागत नाही. नवे कार्ड ओळखणारी आज्ञावली राउटरमध्ये घालता आली पाहिजे. लिंक्सिस कंपनीच्या ‘डब्ल्यूआरटी५४जी’ राउटरमध्ये लिनक्स होते. त्याच्या परवान्यानुसार कंपनीला २००३ मध्ये मूळ आज्ञावली खुली करावी लागली आणि २००४ मध्ये त्यातून ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प सुरू झाला. म्हणजे राउटरचा मेंदू लोकांना बदलता येऊ लागला. परंतु त्याच्या बहुतेक आवृत्त्यांत कायमची मेमरी ४ मेगाबाइट किंवा त्याहून कमी, तीही डाखलेली. आज्ञावली वाढत गेली, मेमरी वाढेना. आजचे ओपनडब्ल्यूआरटी तिच्यात मावत नाही. आमच्या मते कुलूप दोन्हीकडचे निघायला हवे, एकाने काम होत नाही.

शाळेसाठी राउटर घेताना मॉडेलचे नाव ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे का ते पाहावे, आणि अडॅप्टर बाजारात सहज मिळणाऱ्या १२ व्होल्टचा, साध्या गोल पिनचा असावा.