घरातल्या बाटल्यांचा हिशेब

आपल्या न्हाणीघराची फळी, संडासाचा कोनाडा आणि ओट्याखालचे फडताळ या तीन जागी मिळून किती बाटल्या, डबे आणि पुड्या आहेत, हे एकदा मोजून पाहावे. फरशी पुसायचे फिनेल, संडासात टाकायचे ॲसिड, ब्लीचिंग पावडर, काचेसाठी निळे पाणी, तुंबलेल्या मोरीची पावडर, झुरळांचा फवारा, डासांच्या यंत्राची रिफिल, कपाटातील डांबरगोळ्या. साध्या चार माणसांच्या घरातही दहा-बारा वस्तू सहज निघतात. आमच्या आजीच्या घरात याच कामांसाठी राख, चिंच, रिठे, सोडा आणि कडुनिंबाचा पाला एवढेच होते.

जुने ते सगळे सोने असे माझे म्हणणे नाही. कॉलरा आणि गॅस्ट्रोच्या साथी आटोक्यात आणण्यात ब्लीचिंग पावडरीचा मोठा वाटा आहे आणि कोणी डॉक्टर तिला नावे ठेवणार नाही. पण दवाखान्यात वर्षानुवर्षे जे पाहतो त्यावरून सांगतो, लहान मुलांच्या पोटात जाणारे विष बहुधा बाहेरून येत नाही. ते याच तीन जागांवरून येते. शिवाय हीच द्रव्ये मोरीवाटे गटारात, नाल्यात आणि शेवटी आपल्याच नदीत जातात. म्हणून घरातली एकेक बाटली कमी करता येते का, हे आरोग्याच्या सदरात सांगणे मला गरजेचे वाटते.

सुरुवात ॲसिडपासून करू. संडास आणि न्हाणीघरासाठी जे विकले जाते ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. पुष्कळ गृहिणी संडासात आधी ॲसिड ओततात आणि डाग निघाला नाही की वर ब्लीचिंग पावडर टाकतात. दोन औषधांनी दुप्पट सफाई होईल हा त्यामागचा हिशेब. प्रत्यक्षात ही दोन्ही एकत्र आली की क्लोरिन वायू तयार होतो. हाच वायू २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे पहिल्या महायुद्धात शत्रूच्या खंदकांवर सोडला गेला होता. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. खिडकी नसलेल्या चार बाय चारच्या संडासात खाली वाकून घासणाऱ्या बाईच्या नाकातोंडात तो आधी जातो. डोळे चुरचुरतात, खोकला सुटतो, छाती आवळते. दम्याच्या रुग्णाला तर लगेच इस्पितळ गाठावे लागते. असे झाले तर पाणी ओतत बसू नये. तडक मोकळ्या हवेत यावे. ब्लीचिंगबरोबर व्हिनेगर किंवा लिंबूही वापरू नये, कारण आंबट पदार्थ कोणताही असला तरी परिणाम त्याच दिशेचा होतो.

ॲसिडचा दुसरा दोष पैशाचा आहे. आपल्याकडे घरोघरी शहाबादी फरशी असते आणि ओट्याला कडप्पा. हे दोन्ही दगड चुनखडीच्या जातीचे आहेत. ॲसिड पडल्यावर जो फेस येतो तो मळ निघाल्याचा नसतो, दगड विरघळत असल्याचा असतो. फरशी त्या दिवशी उजळ दिसते, पण खडबडीत होते आणि पुढच्या वेळी जास्त मळ धरते. मग आणखी ॲसिड. सिमेंटच्या सांध्यांचीही तीच गत.

मग काय वापरावे? बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार नळावर, बादलीवर आणि फरशांच्या टाइल्सवर बसतात, त्यांना लिंबाचे सत्त्व, म्हणजे वाण्याकडे मिळणारे सायट्रिक ॲसिड पुरते. तांब्याभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवून ते फडक्याने क्षारांवर लावावे, अर्धा तास फडके तसेच गुंडाळून ठेवावे आणि नंतर काथ्याने घासावे. नळाच्या तोंडाला लिंबाची पिळलेली साल बांधून रात्रभर ठेवली तरी काम होते. मात्र हा उपाय चिनी मातीच्या भांड्यावर, स्टीलवर आणि चकचकीत टाइल्सवरच करावा. शहाबादी आणि कडप्प्यावर लिंबाचेही डाग पडतात. तेथे कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा आणि खराटा, एवढेच बरे. तांब्यापितळेच्या भांड्यांना चिंच आणि मीठ हा उपाय शास्त्रीयदृष्ट्याही योग्य आहे, कारण चिंचेतील आम्ल भांड्यावरचा काळा थर विरघळवते. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र सोडा लावू नये, ती काळी पडतात.

येथे एका लोकप्रिय युक्तीविषयी स्पष्ट सांगितले पाहिजे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून मोरीत ओता, सगळे साफ होते, असे सर्वत्र सांगितले जाते. फेस छान येतो. पण सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारतात, बुडबुडे हवेत जातात आणि मागे उरते ते जवळजवळ खारट पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरले तर उपयोगाचे आहेत, एकत्र केले की दोन्ही वाया. मोरी तुंबण्याचे कारण बहुतेक वेळा तेलकटपणा, चहाचा चोथा आणि केस हेच असते. तोंडावर बारीक जाळी बसवावी, तळणीचे उरलेले तेल कढईतून वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसून घ्यावे आणि आठवड्यातून एकदा चांगले गरम पाणी ओतावे. उकळते नको, प्लॅस्टिकचे पाइप मऊ पडतात. तरीही तुंबली तर रबरी वाटीचा पंप आहे. मोरी उघडण्याची जी पावडर किंवा खडे मिळतात त्यांत कॉस्टिक सोडा असतो. साखरेसारखा दिसतो. मुलाने चिमूटभर तोंडात टाकला तरी अन्ननलिका भाजते, आणि ती भरून येताना आकसते. पुढे त्या मुलाला घासभर भात गिळण्यासाठी पुन्हा पुन्हा दुर्बिणीने नळी रुंद करून घ्यावी लागते. एवढा धोका घरात ठेवण्याइतकी ही वस्तू खरोखर लागते का, हे प्रत्येकाने ठरवावे. माझ्या मते लागत नाही.

ज्यांच्याकडे सेप्टिक टँक आहे त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. टाकीतील मैला कुजवण्याचे काम जिवाणू करतात. रोज बादलीभर फिनेल आणि ॲसिड ओतले की हे जिवाणू मरतात, टाकी लवकर भरते, दुर्गंधी वाढते. ती घालवायला पुन्हा फिनेल! संडास रोज ब्रशने घासला आणि पाणी पुरेसे टाकले तर जंतुनाशक आठवड्यातून एकदा पुरते. घरात जुलाबाचा रुग्ण असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, त्या दिवसांत ब्लीचिंगचा वापर अवश्य करावा.

आता कपाटाकडे वळू. डांबरगोळी म्हणजे नॅप्थॅलिन. दिसायला पेपरमिंटसारखी, म्हणून रांगणारे मूल ती हमखास तोंडात घालते. काही मुलांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, रक्तपेशींत जी-६-पीडी नावाचे एक द्रव्य जन्मतः कमी असते. महाराष्ट्रातील काही समाजांत हा दोष आढळतो आणि तोपर्यंत घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो. अशा मुलाच्या रक्तातील लाल पेशी नॅप्थॅलिनने फुटू लागतात. एक-दोन दिवसांत मूल पांढरेफटक पडते, लघवी चहासारखी होते, डोळे पिवळे दिसतात. गोळी गिळलीच पाहिजे असे नाही. बारशाला आजीने ट्रंकेतून काढलेली, वर्षभर डांबरगोळ्यांत मुरलेली दुपटी तशीच गुंडाळल्यानेही तान्ह्या बाळांना त्रास झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. ट्रंकेतले कपडे धुऊन, दोन दिवस उन्हात टाकूनच बाळाला घालावेत.

डांबरगोळ्यांऐवजी कापूर ठेवा, असा सल्ला अनेक जण देतात. पूजेतली वस्तू, म्हणून निर्धोक वाटते. पण कापराची वडी लहान मुलाने गिळली तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कापूर ठेवायचाच तर मुलांच्या हाताबाहेर, कापडी पुरचुंडीत शिवून ठेवावा. दोन वर्षांखालच्या बाळाच्या छातीला किंवा नाकाला तो चोळूही नये. माझी पसंती सावलीत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याला. पाला कपड्यांच्या घड्यांत ठेवावा, दर तीन महिन्यांनी बदलावा, आणि गोधड्या-शालींना वर्षातून दोनदा कडक ऊन दाखवावे. लोकर आणि रेशीम धुवायला रिठे उत्तम. जड पाण्यात साबण फाटतो, रिठ्याचा फेस मात्र टिकतो. फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार झोंबते.

धान्याच्या बाबतीत तर हात जोडून सांगतो. शेतीच्या दुकानातून आणलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातल्या कणगीत किंवा पिंपात टाकू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा जहरी वायू निघतो. बंद खोलीत, धान्याच्या पोत्यांशेजारी झोपलेली माणसे त्याने दगावलेली आहेत, आणि या विषावर उतारा नाही. मोठ्या गोदामात, ताडपत्रीखाली, जाणकारांनी वापरायची ही वस्तू आहे. घरच्या वर्षभराच्या गव्हाला तीन-चार कडक उन्हे दाखवून, पूर्ण थंड झाल्यावर कोरड्या पिंपात कडुनिंबाच्या पाल्याचे थर देऊन भरावे. डाळींना एरंडेलाचा हात लावावा. हे करूनही सोंडे-पोरकिडे झाले तर चाळून पुन्हा ऊन द्यावे. किडीचा गहू खाऊन कोणी मरत नाही.

डासांची कथा लांब आहे, थोडक्यात सांगतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात एक अगरबत्तीसारखी जळणारी डासांची कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण सोडते असे मोजले गेले. खिडक्या लावून, कॉइल पेटवून बाळाला निजवणे म्हणजे काय, ते यावरून समजावे. कडुनिंबाचा पाला जाळणेही मला मान्य नाही. धूर तो धूरच, फुप्फुसाला झाडाचे नाव कळत नाही. विजेच्या यंत्राच्या रिफिलमधील द्राव मुख्यतः वास काढलेले रॉकेलच असते, हेही माहीत असावे. मच्छरदाणीसारखे साधन नाही. आणि आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी पूर्ण कोरडी करावीत, कारण डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून उडेपर्यंतची वाढ साधारण आठवडाभरात होते. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी असतानाही महिनोन्महिने टिकतात, म्हणून काथ्याने घासले पाहिजे. रिकामी होऊ न शकणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. आरोग्य केंद्रात चौकशी केली तर ते मिळू शकतात.

इतके करूनही काही बाटल्या घरात राहणारच. त्या मूळच्या बाटलीतच ठेवाव्यात. मी पाहिलेल्या बहुतेक घटनांत फिनेल, रॉकेल किंवा थिनर थंड पेयाच्या बाटलीत भरलेले होते. तहानलेले चार वर्षांचे मूल बाटली पाहते, वास घेत नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, तरी दारावर जुन्या बाटल्यांतून विनाचिठ्ठीचे ॲसिड येत असेल तर घेऊ नये.

मुलाने काही प्यायल्याचा संशय आला तर घरातील वडीलधारी मंडळी आधी मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला धावतात. कृपा करून हे करू नका. ॲसिड किंवा कॉस्टिक वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. रॉकेल, थिनर, रिफिलचा द्राव उलटीबरोबर श्वासनलिकेत शिरतो आणि न्यूमोनिया होतो. एरवी पोटात राहिलेले थोडे रॉकेल तितके नुकसान करत नाही. मिठाचे पाणी स्वतःच लहान मुलाला घातक ठरू शकते. तोंड आणि ओठ पाण्याने पुसून काढा, भिजलेले कपडे उतरवा, अंगावर किंवा डोळ्यात उडाले असेल तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे धरा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती बाटली बरोबर न्या. डॉक्टरला लेबल पाहून जे कळते ते तुमच्या वर्णनावरून कळत नाही. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांकही भिंतीवर लिहून ठेवावा.

नको असलेले ॲसिड टाकून द्यायचे असेल तर संडासात आधी भरपूर पाणी सोडावे आणि त्यात ॲसिड थोडे थोडे ओतावे. ॲसिडवर पाणी कधीही ओतू नये, उसळून अंगावर येते. त्या दिवशी संडासात ब्लीचिंग टाकलेले नसावे. कीटकनाशकांचे उरलेले डबे मोरीत रिकामे करू नका. घनकचरा नियमांप्रमाणे असा घरगुती घातक कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा द्यायचा असतो. घंटागाडीवाल्याला तसे सांगून द्या. रिकाम्या बाटल्या धुऊन, बुडाला खिळ्याने भोक पाडूनच भंगारात घालाव्यात, म्हणजे त्यांत पुन्हा कोणी गोडे तेल भरणार नाही.