प्रवेश घेतला, पण केंद्रावर गेलात का?

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा वर्ग सकाळी भरवले. नोकरदार मुलांना शिकता यावे म्हणून. आज नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ कामकरी माणसाला हीच सोय देते. घरी वाचता येतील अशी पुस्तके, जवळच्या कॉलेजात अभ्यास केंद्र, तिथे शंका सोडवायला समंत्रक.

आपली मंडळी चुकतात ती इथेच. पुस्तके आणतात आणि थेट परीक्षेलाच केंद्रावर उगवतात. पंधरा वर्षांनी पेन धरणाऱ्या ताईने मोठी उत्तरे एकटीने कशी लिहायची? समंत्रकांना विचारणे हा तिचा हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत.

म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना सांगतो, फॉर्म भरून देऊन थांबू नका. सत्रांचे वेळापत्रक विहारात लावा. पहिल्या दिवशी सोबत जा, तेवढा वेळ तिची मुले सांभाळा (हे काम भाषणापेक्षा अवघड आहे). आणि 'मुक्तची डिग्री चालत नाही' म्हणणारा भेटलाच, तर यूजीसीचे सप्टेंबर २०२२चे पत्रक दाखवा: मान्यताप्राप्त मुक्त शिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, एवढे मात्र पैसे भरण्याआधी यूजीसीच्या यादीत पाहून घ्या.