हवा, हवामान आणि प्रदूषण : बेंगळूरुच्या संदर्भात काही संज्ञांचा विचार

बेंगळूरुची हवा चांगली आहे, हे विधान मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. सतराव्या शतकातील शहाजीराजांच्या जहागिरीपासून या नगराशी मराठी भाषकांचा संबंध आहे, आणि समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या या शहराच्या सुखद उष्णतामानाची ख्यातीही तितकीच जुनी आहे. परंतु या विधानातील ‘हवा’ हा शब्द श्वासात येणाऱ्या वायूविषयी काहीच सांगत नाही. तो केवळ गारव्याविषयी बोलतो. एकाच शब्दात सामावलेल्या या भिन्न अर्थांमुळे प्रदूषण व हवामान बदल यांविषयीच्या चर्चेत अनेक गैरसमज निर्माण होतात. प्रस्तुत लेखात या विषयातील काही प्रमुख संज्ञांचा बेंगळूरुच्या उदाहरणांसह विचार केला आहे.

प्रथम ‘हवा’ व ‘हवामान’ यांतील भेद पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत एखाद्या ठिकाणच्या वातावरणाच्या तात्कालिक स्थितीस ‘हवा’ आणि तिच्या दीर्घकालीन सरासरी स्वरूपास ‘हवामान’ असे म्हटले जाते. ही सरासरी काढण्यासाठी सामान्यतः ३० वर्षांचा कालखंड घेतात. व्यवहारात मात्र ‘हवामान खाते’ उद्याच्या पावसाचा अंदाज देते, म्हणजे तेथे ‘हवामान’ हा शब्द तात्कालिक स्थितीसाठी योजला जातो. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ ही शब्दयोजना स्वीकारली, तर वृत्तपत्रांत ‘हवामान बदल’ हीच रूढ राहिली. कन्नड भाषेतही ‘हवामान’ हाच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. एप्रिल २०१६ मध्ये बेंगळूरुचे कमाल तापमान ३९.२ अंश सेल्सिअसपर्यंत गेले, ही हवेची घटना होय. अशा घटनांची वारंवारिता दशकांच्या हिशेबात वाढत गेली, तरच तिला हवामान बदलाचे लक्षण म्हणता येईल. एका उष्ण दिवसाने हवामान बदल सिद्ध होत नाही आणि एका थंड आठवड्याने तो खोटाही ठरत नाही.

‘वायुप्रदूषण’ या संज्ञेचा विचार करताना ‘उत्सर्जन’ व ‘संहती’ या दोन शब्दांची गल्लत टाळली पाहिजे. वाहनाच्या नळीतून किंवा कारखान्याच्या धुराड्यातून जे बाहेर पडते ते उत्सर्जन. आणि ते वातावरणात मिसळल्यानंतर दर घनमीटर हवेत जितके आढळते ती संहती. उत्सर्जन तेवढेच राहिले तरी संहती बदलू शकते. हिवाळ्यातील शांत रात्री जमिनीलगतची हवा थंड व तिच्या वरची हवा उबदार असते. या स्थितीस ‘तापमानाची विपरीतता’ म्हणतात. अशा वेळी प्रदूषके वर जाऊ शकत नाहीत व पहाटे त्यांची संहती वाढते. उलट नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात बेंगळूरुची हवा स्वच्छ भासते, ती उत्सर्जन घटल्यामुळे नव्हे, तर वारा व पाऊस यांमुळे.

प्रदूषकांचे ‘प्राथमिक’ व ‘द्वितीयक’ असे दोन वर्ग केले जातात. कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड, काजळी ही उगमातून थेट बाहेर पडणारी प्राथमिक प्रदूषके होत. जमिनीलगतचा ओझोन मात्र कोणत्याही नळीतून बाहेर पडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पनशील कार्बनी संयुगे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तो तयार होतो, म्हणून तो द्वितीयक होय. कणद्रव्याचे वर्गीकरण आकारमानावरून करतात. १० मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना पीएम १० आणि २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना पीएम २.५ म्हणतात. दुसऱ्या प्रकारचे कण फुप्फुसांच्या खोलवर पोहोचत असल्याने अधिक घातक ठरतात. दिल्ली, मुंबई, चेन्नई, पुणे, कानपूर व बेंगळूरु या सहा शहरांत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुढाकाराने ‘उगम-विभाजन’ अभ्यास करण्यात आला. कोणत्या उगमाचा वाटा किती, हे ठरविणे म्हणजे उगम-विभाजन. बेंगळूरुत वाहतूक आणि रस्त्यावरून उडणारी धूळ हे कणद्रव्याचे प्रमुख उगम असल्याचे त्यातून पुढे आले.

‘मानक’ ही संज्ञा विशेष काळजीपूर्वक समजून घेतली पाहिजे. २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषकांचा समावेश आहे. त्यांनुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी दर घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेले मूल्य ५ मायक्रोग्रॅम आहे. बेंगळूरुची वार्षिक सरासरी अलीकडील वर्षांत सर्वसाधारणपणे भारतीय मानकाच्या आत राहिली असली, तरी ती जागतिक मूल्याच्या कित्येक पट आहे. म्हणून ‘मानकाच्या आत’ याचा अर्थ ‘निर्धोक’ असा होत नाही. मानक हे आरोग्य, तंत्रज्ञान व अर्थकारण यांतील तडजोडीतून ठरलेली प्रशासकीय मर्यादा असते.

‘हवा गुणवत्ता निर्देशांक’ ही संज्ञा आता घरोघरी पोहोचली आहे. २०१४ मध्ये भारतात जाहीर झालेल्या या पद्धतीत प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढून त्यांतील सर्वांत मोठा अंक निर्देशांक म्हणून घेतात. तो सर्वांची सरासरी नसतो. ० ते ५० ‘चांगली’, ५१ ते १०० ‘समाधानकारक’ आणि ४०१ ते ५०० ‘तीव्र’ अशा एकूण सहा श्रेणी आहेत. कणद्रव्यासाठी २४ तासांची सरासरी वापरली जात असल्याने, सिल्क बोर्ड चौकात सायंकाळी उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला किंवा फेरीवाल्याला त्या घटकेस जे श्वसावे लागते, त्याचे प्रतिबिंब शहराच्या अंकात उमटत नाही. तेथे ‘संसर्गमात्रा’, म्हणजे प्रत्यक्ष व्यक्तीपर्यंत पोहोचलेले प्रमाण, ही वेगळी संज्ञा उपयोगी पडते.

नियंत्रणाचा कायदेशीर पाया १९८१ च्या वायु प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाने घातला. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ मुळात १९७४ मध्ये जलप्रदूषणाच्या कायद्यान्वये स्थापन झाले होते. पुढे वायूचे कार्यही त्याच्याकडे आले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात बेंगळूरुचा समावेश ‘मानक अप्राप्त’ शहरांत झाला. तांत्रिक उपायांत धुळीसाठी पिशवी-गाळणी व स्थिरविद्युत अवक्षेपक, विद्राव्य वायूंसाठी द्रवफवाऱ्याचे धावनयंत्र आणि वाहनांसाठी उत्प्रेरक परिवर्तक यांचा उल्लेख करता येईल. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा या निकषांनी इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणले.

येथेच प्रदूषण नियंत्रण आणि हवामान बदल यांचे नाते व भेद दोन्ही स्पष्ट होतात. उत्प्रेरक परिवर्तक विषारी कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करतो. श्वसनाच्या दृष्टीने तो उपाय यशस्वी होय. परंतु कार्बन डायऑक्साइड हा ‘हरितगृह वायू’ आहे. तो सूर्यप्रकाशास आत येऊ देतो आणि पृथ्वीने उत्सर्जित केलेली अवरक्त उष्णता शोषून घेतो. हवेतील त्याचे प्रमाण १९५८ मध्ये दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होते, ते आज ४२० च्या पुढे गेले आहे. याउलट गंधकापासून बनणारे सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परावर्तित करून पृष्ठभागास काहीसे थंड ठेवतात. म्हणजे आरोग्यासाठी ते काढून टाकणे आवश्यक असले, तरी त्यामुळे झाकलेली तापमानवाढ उघडी पडते. ‘काळा कार्बन’ मात्र दोन्ही दृष्टींनी हानिकारक होय. २००१ च्या अखेरीस बेंगळूरुत झालेल्या मोजणीत शहरावरील ‘वायुकलिलां’त, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांत, त्याचे प्रमाण लक्षणीय आढळले होते. डिझेलचा धूर कमी करणे हा म्हणूनच दुहेरी लाभाचा उपाय ठरतो.

हवामान बदलास तोंड देण्याच्या मार्गांना ‘शमन’ व ‘अनुकूलन’ असे म्हणतात. हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटविणे हे शमन होय. २०११ मध्ये सुरू झालेली बेंगळूरुची मेट्रो खासगी वाहनांची जागा घेते तेवढ्या प्रमाणात शमनास हातभार लावते. अटळ परिणामांशी जुळवून घेणे हे अनुकूलन होय. सप्टेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत बाह्य वर्तुळाकार मार्गाचा परिसर जलमय झाला. तलावांना जोडणारे जुने नाले, ज्यांना स्थानिक भाषेत राजकालुवे म्हणतात, मोकळे करणे हे अनुकूलनाचे उदाहरण ठरेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये तत्कालीन बृहत् बेंगळूरु महानगरपालिकेने शहराचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात २०५० पर्यंत ‘कार्बन समतोल’ साधण्याचे उद्दिष्ट आहे. राष्ट्रासाठी ‘निव्वळ शून्य’ उत्सर्जनाचे वर्ष भारताने २०२१ मध्ये २०७० असे जाहीर केले. निव्वळ शून्य म्हणजे उत्सर्जन मुळीच नसणे नव्हे, तर जितके उत्सर्जन तितकेच शोषण होय.

सारांश, ‘हवा’ या शब्दाचे गारवा, श्वसनीय वायू आणि वातावरणाची तात्कालिक स्थिती असे तीन अर्थ मराठीत एकत्र नांदतात. बोलीत ते तसेच राहतील. परंतु शास्त्रीय व प्रशासकीय लेखनात ‘हवा’, ‘हवेची गुणवत्ता’ व ‘हवामान’ या संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या ठेवणे इष्ट होय. थंड हवेच्या शहरात दूषित हवा असू शकते, आणि स्वच्छ झालेल्या हवेखालीही पृथ्वी तापत राहू शकते. हे शब्दांतच वेगळे करता आले नाही, तर चौकात उभ्या असलेल्या माणसाची तक्रार नेमकी कशाविषयी आहे, हे धोरण ठरविणाऱ्यांनाही उमगणार नाही.